मंडळात मुसलमान कार्यकर्ते असले की कामं कशी वाटायची

वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत 1980 पासून गणपती मशिदीत बसतो. पावसात मूर्ती भिजू नये म्हणून एकदा ती मशिदीत आणून ठेवली आणि तिथून ही रीत पडली, असं गावात सांगतात. शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडला तर पाच मशिदींत गणपती असतो. दर वर्षी पेपरात फोटो येतात, खाली 'सलोख्याचं अनोखं दर्शन' असा ठरलेला मथळा. फोटोत आरतीचं ताट दिसतं. सूर्यास्तानंतरची मगरीबची नमाज आणि आरती यांत किती अंतर ठेवलं, मांस शिजवायची डेग, म्हणजे ते मोठं पातेलं, महाप्रसादाला चालणार की नाही हे कोणी ठरवलं, ते मात्र दिसत नाही. ज्या शेकडो साध्या मंडळांत पाच-दहा कार्यकर्ते मुसलमान असतात आणि ज्यांचा फोटो कोणी काढत नाही, तिथे सगळं याच गोष्टींवर चालतं.

सुरुवात पंचांगापासून, कारण निम्मे घोळ तिथे आधीच दिसतात. हिजरी महिना आणि मराठी महिना दोन्ही चंद्रावरचे. अमावास्या संपली की शुद्ध पक्ष लागतो, आणि एक-दोन दिवसांत कोर दिसली की हिजरी महिना लागतो. त्यामुळे हिजरी तारीख आणि शुद्ध तिथी यांत फारतर दोन दिवसांचा फरक राहतो. मराठी पंचांग अधिक मास घालून ऋतूंशी जमवून घेतं, हिजरी पंचांग घालत नाही, म्हणून हिजरी महिने दोन-तीन वर्षांनी एकेक घर मागे सरकतात. गणेशोत्सव शुद्ध चतुर्थी ते चतुर्दशी. बकरी ईद जिल्हेजच्या 10 तारखेला, मोहरमचा मुख्य दिवस आशुरा मोहरमच्या 10 ला, ईद-ए-मिलाद रबीउल अव्वलच्या 12 ला. म्हणजे यातला कुठलाही महिना भाद्रपदावर आला की तो सण गणपतीच्या दिवसांतच पडणार, त्याला इलाज नाही.

आणि तसा तो पडलाही. 2015, 2016 आणि 2017 अशी तीन वर्षं बकरी ईद गणपतीत आली. 2018, 2019 आणि 2020 मध्ये मोहरम आला, आणि तिन्ही वर्षी आशुरा अनंत चतुर्दशीच्या बरोबर दोन दिवस आधी होता: 21 आणि 23 सप्टेंबर, 10 आणि 12 सप्टेंबर, 30 ऑगस्ट आणि 1 सप्टेंबर. मधली दोन वर्षं मोकळी गेली. मग 2023 ते 2025 ईद-ए-मिलाद विसर्जनाला येऊन टेकली. मोहरमचा हा योग याआधी 1985 ते 1987 मध्ये होता आणि पुढचा 2050 च्या पुढेमागे येईल. 2018 पासूनच्या योगात कुरुंदवाडला एकाच छताखाली पीरांचे पंजे आणि गणपती होते. नव्या पोरांना ते अपूर्व वाटलं असेल, जुन्या माणसांनी आधीच्या वेळचं पाहिलेलं होतं.

दोन सण एका दिवशी आले की कोणी माघार घ्यायची, हा प्रश्न बैठकीत हमखास निघतो आणि तिथेच आवाज चढतात. खरं तर आधी बघायचं ते हे, की सणातला कुठला भाग हलू शकतो. ईदची नमाज हलत नाही. पण कुर्बानीला 10, 11 आणि 12 जिल्हेज असे तीन दिवस असतात, दुसऱ्या दिवशी केलेली कुर्बानी धर्माने तितकीच पुरी. 2022 मध्ये 10 जुलैला आणि 2023 मध्ये 29 जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या, तेव्हा राज्यात अनेक गावांत मुसलमानांनी एकादशीला नुसती नमाज पढली आणि कुर्बानी द्वादशीपासून पुढे केली. यात कोणाचा धर्म बुडाला नाही. मिलादचा जुलूस, म्हणजे मिरवणूक, तर रिवाजाने निघतो, त्यामुळे तो हलवायला सोपा. 2023 मध्ये 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, मुंबईतला जुलूस 29 ला निघाला आणि सरकारने सुटीही 29 ला दिली. 2024 मध्ये मुंबईत मिलादची सुटी 16 वरून 18 सप्टेंबरला गेली, 2025 मध्ये 5 वरून 8 ला. उलट बाजूने विसर्जनाची तिथी हलत नाही, पण मिरवणुकीची निघायची वेळ आणि रस्ता हलतो. बैठकीत एवढंच मांडलं तरी बोलणं 'कोण मोठा' वरून 'किती वाजता' वर येतं.

आता रोजच्या वेळा. सप्टेंबरच्या मध्यात सांगली-कोल्हापूरकडे सूर्य साडेसहाच्या पुढेमागे मावळतो. मावळला की मगरीबची अजान, लगेच जमात म्हणजे एकत्र नमाज, सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. मगरीबची वेळ तोकडी असते, ती 'थोड्या वेळाने पढतो' म्हणून ढकलता येत नाही. इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजीची, जमात बहुतेक मशिदींत आठ ते साडेआठच्या दरम्यान. म्हणजे सात ते पावणेआठ ही आरतीची निर्वेध वेळ आहे. तरी कित्येक मंडळं साडेसहाची आरती ठेवतात, कारण पाहुण्याला पुढे दुसरीकडे जायचं असतं. मग ऐन वेळी माइकवाला गायब, जनरेटरवाला गायब, आणि 'आता कुठे गेला हा' अशी हाकाटी. तो नमाजीला गेलाय. अर्ध्या तासाने येईल. आरती सव्वासातला ठेवली असती तर कोणाला कळलंही नसतं.

कामं वाटताना एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. मुसलमान कार्यकर्ते सगळे एका साच्यातले नसतात. एक जण आरतीत टाळ वाजवतो. दुसरा मांडवाच्या बाहेर चपला सांभाळत उभा राहतो. तिसरा मूर्तीसमोर येतच नाही, पण मांडवाचा प्रत्येक बांबू त्याने उभा केलेला असतो. तिघंही मंडळाचेच. ज्याची त्याची हद्द ज्याने त्याने ठरवायची आणि मंडळाने ती विचारायचीसुद्धा नाही, कामाची यादी पुढे ठेवायची आणि कोण कशावर बोट ठेवतो ते बघायचं. मांडव, वीज, पाणी, टेम्पो, रात्रीची राखण, मिरवणुकीतली दोरी, घाटावरचे पोहणारे, हिशोब. पूजेशी संबंध नसलेली एवढी कामं आहेत की माणसं कमी पडतात. ज्याला घरून किंवा समाजातून बोलणी बसतात त्याच्याशी धर्मावर वाद घालू नका, त्याचं काम बदला. राखणीवरचा माणूस मूर्तीपुढे बसायला नको म्हणत असेल तर त्याला मीटर आणि केबलच्या बाजूची खुर्ची द्या, आगीची भीती तिथेच जास्त असते.

तसं पाहिलं तर ही वाटणी नवी नाही. गावगाड्याच्या बलुतेदारांत मुलाणी होताच; जत्रेत देवीचं बकरं कापायला हिंदू घरंसुद्धा त्यालाच बोलवत आणि अजूनही अनेक गावांत बोलवतात. विड्याची पानं तांबोळ्याकडून, केळी-फळं बागवानाकडून, बुक्का-अत्तर अत्ताराकडून, वातीचा कापूस पिंजाऱ्याकडून, गौरीच्या बांगड्या मणियाराकडून. पूजेच्या यादीवरून बोट फिरवलं तर निम्मा माल मुसलमान हातांतून आलेला दिसेल.

या लोकांकडून माल घेताना नुसता भाव करू नका, सल्लाही घ्या. पानांचंच घ्या. कार्यकर्ता चतुर्थीच्या आदल्या सकाळी शंभर पानं घेतो, वर पाणी शिंपडतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी वरची चार पानं सोडली तर बाकी काळी. तांबोळी काय करतो? देठं एका बाजूला लावून थर करतो, ओलं पण पिळलेलं फडकं गुंडाळतो, टोपलीत उभं ठेवतो आणि सकाळ-संध्याकाळ उलटसुलट करून डाग पडलेलं पान काढून टाकतो. एक कुजलं की शेजारची चार जातात. पाणी सुटं राहिलं की कूज, हवा कोंडली की कूज. केळ्यांचंही तसंच. महाप्रसादाच्या दिवशी सकाळी बाजारात गेलं की एकतर कच्ची मिळतात नाहीतर गळायला आलेली. चार दिवस आधी बागवानाला तारीख सांगितली तर तो त्या दिवसाच्या बेताने माल पिकवून देतो.

वर्गणी हा नाजूक विषय. मूर्तीला किंवा पूजेला पैसे द्यायला मन घेत नाही, पण मंडळाला द्यायचे आहेत, असे बरेच जण असतात. त्यांच्यासाठी पावतीपुस्तकात 'तपशील' असा रकाना ठेवा आणि अन्नदान, वीज, पाणी, रुग्णवाहिका असं जे सांगतील ते लिहा. लिहिलंत तर हिशोबातही त्याच खात्यावर दाखवा. अन्नदानाचे पैसे डीजेला गेले हे फलकावरच्या हिशोबात दिसलं की पुढच्या वर्षी ती पावती फाटत नाही, आणि तो माणूस कारणही सांगत नाही. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडून कलम 41 क खालची परवानगी लागते. ती नसताना दारोदार फिरलात तर तक्रार करणाऱ्याला आयतं कोलीत मिळतं.

महाप्रसादाचा बेत आटोपशीर ठेवला तर 500 पानांना तांदूळ 50 किलो, तूरडाळ 15 किलो, बटाटा 40 किलो आणि बुंदी 25 किलो पुरते. भाताची आच सांभाळायला बिर्याणी करणारा आचारी मिळाला तर सोडू नका, दहा-दहा किलोची डेग तळाला न लागू देता उतरवणं हे रोज करणाऱ्याचंच काम. फक्त भांडी बघून घ्या. भाड्याच्या डेगेत आदल्या दिवशी मटण शिजलेलं असतं, आणि वास राहतो तो तळाला नाही. काठाच्या दुमडीत आणि कडीच्या रिबिटींपाशी चरबी बसते, घासणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. धुण्याचा सोडा घातलेलं पाणी काठोकाठ भरून उकळवा, तारेच्या घासणीने दुमड काढा, मग साधं पाणी उकळून वाफेचा वास घ्या. त्याहून बरं म्हणजे शाकाहारी कार्यांसाठी वेगळा संच ठेवणारा भांडीवाला गाठा, वीस-पंचवीस टक्के जास्त घेतो पण वाद मिटतो. माळकरी पंगतीला असतील तर हे टाळूच नका. वारीत पालखीमार्गावर वारकऱ्यांना जेवण देणारी मुसलमान मंडळीही हीच काळजी घेतात. आणि एकादशीच्या दिवशी भात-आमटीचा विचारही करू नका, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाटा, केळी, बास.

नैवेद्याचा वेगळा मुद्दा. काही मुसलमान देवापुढे ठेवलेलं अन्न खात नाहीत, पण त्याच कढईतलं नैवेद्याआधी बाजूला काढलेलं खुशाल खातात. काही जण प्रसाद कपाळाला लावून खातात. म्हणून नैवेद्य दाखवण्याआधी एक पातेलं भरून बाजूला काढून ठेवायचं, गाजावाजा न करता, त्यावर चिठ्ठीही लावायची नाही. ज्याला हवं त्याला माहीत असतं कुठलं पातेलं. तीर्थ ओंजळीत ओतायला पुढे सरसावू नका, हात पुढे आला तर द्या.

मिरवणुकीत सगळ्यांत जास्त बिघडतं, आणि बहुतेक वेळा त्यामागे खोड नसते, ढिसाळपणा असतो. अजान तीन-चार मिनिटांची. 'मशिदीपुढे वाद्य थांबवू' असं शांतता समितीत ठरतं, प्रत्यक्षात पुढचं ढोलपथक थांबतं आणि मागचा साउंडवाला थांबत नाही, कारण त्याला पुढचं काही ऐकूच येत नाही. मागून गर्दी रेटते. मग मिरवणूक नेमकी मशिदीच्या दारात अडकते आणि नमाज संपवून बाहेर पडणाऱ्यांना वाट उरत नाही. वाद्य बंद असलं तरी बंद दारासमोर हजार माणसं उभी असणं हा वेगळाच ताण आहे. म्हणून थांबायची जागा दारापुढे ठेवूच नका. मशिदीच्या अलीकडच्या चौकात, पन्नास-साठ मीटर आधी थांबा, आणि दार ओलांडताना न रेंगाळता पुढे जा. पथकापुढे एक आणि शेवटच्या टेम्पोवर एक, असे दोघं फोन कानाला लावून हवेत, आणि त्यातला निदान एक त्या मोहल्ल्यातला हवा. साउंडच्या गाडीवरचा मुख्य बटणवाला कोण आहे ते आधी बघून ठेवा. त्याला टेम्पोच्या मागून हाका मारून उपयोग नसतो, वर चढावं लागतं. पाण्याचा आणि सरबताचा स्टॉल मशिदीजवळ लावायची मोहल्ल्याची हौस असते. छान आहे, पण तो दारापासून लांब आणि रस्त्याच्या डाव्या अंगाला लावा, नाहीतर गर्दी तिथेच साचते. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद, जिल्हाधिकाऱ्यांनी सवलत जाहीर केलेल्या दिवशीच 12 पर्यंत. हा नियम दोन्ही सणांना सारखा आहे आणि दोन्हीकडे सारखाच विसरला जातो.

गुलालाची कुरकूर फारशी होत नाही, तो पाण्याने निघतो. चंदेरी-सोनेरी तेलकट रंगाचं तसं नाही. वुजू करताना, म्हणजे नमाजीआधी हातपाय-तोंड धुताना, पाणी कातडीला लागावं लागतं. ऑइलपेंटचा थर नखांवर आणि कोपरांवर बसला की वुजू होत नाही आणि तो घासून काढताना कातडी सोलते. धुळवडीला तर हे जास्तच. 2025 ची धुळवड 14 मार्चला, रमजानातल्या शुक्रवारी आली होती. रोजा असलेल्याच्या तोंडावर पिचकारी मारायची नाही, एवढं पोरांना सांगितलं तर पुरे. रमजान सरता सरता पाडवा यावा अशी 2024 ते 2026 ही वर्षं: 2025 मध्ये 30 मार्चला पाडवा आणि 31 ला ईद होती. शेजारी पुरणपोळी दुपारी नेऊन दिली तर ती डब्यात राहते आणि गार होते. सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधी, गरम, तुपाची वाटी वेगळी. इफ्तारच्या ताटात तिला जागा असते.

आता एक जरा कडू गोष्ट. 'मुस्लिम बांधवांचा सत्कार' हा कार्यक्रम बंद करा. महिनाभर शिडी धरणाऱ्या पोराला नवव्या दिवशी स्टेजवर बोलवायचं, शाल घालायची आणि वर 'टोपी घालून ये, फोटोत दिसायला हवी' म्हणायचं, म्हणजे त्याला त्याच्याच मंडळात पाहुणा करायचं. त्याचं नाव कार्यकारिणीच्या फलकावर खजिनदार किंवा मांडवप्रमुख म्हणून इतरांसारखंच छापा. फोटोंचंही बघा. आरतीचं ताट हातात असलेला फोटो त्याला न विचारता ग्रुपवर टाकू नका. तुम्हाला कौतुक वाटतं, त्याला दुसऱ्या दिवशी घरी किंवा मशिदीत उत्तरं द्यावी लागतात, आणि पुढच्या वर्षी तो येत नाही. असे बरेच चांगले कार्यकर्ते भांडण न होता नुसत्या फोटोपायी गेलेत.

2026 च्या आखणीसाठी: चतुर्थी सोमवारी 14 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला, आणि तो शुक्रवार आहे. जुम्याची नमाज साधारण एक ते दोनच्या दरम्यान असते आणि जागा अपुरी असलेल्या मशिदींत सफा, म्हणजे नमाजीच्या रांगा, रस्त्यापर्यंत येतात. दिवसा निघणाऱ्या मंडळांनी मशिदीपुढून बाराच्या आत तरी पार व्हावं, नाहीतर अडीचनंतर तिथे पोचावं. अडीचनंतरचं बरं, कारण जुमा उरकून आलेले कार्यकर्ते मग सलग रात्रीपर्यंत हाताशी राहतात. त्या वर्षी मिलाद ऑगस्टअखेर होऊन जाते, पण ग्यारवी, म्हणजे पुढच्या हिजरी महिन्याची 11 तारीख, चंद्राप्रमाणे 23-24 सप्टेंबरच्या सुमारास येते. जुलूस-बिलूसची अडचण नाही, मात्र घरोघर नियाज, म्हणजे पीराच्या नावाने वाटायचं जेवण, शिजते, आणि डेगा, शेगड्या, आचारी सगळे त्या दोन दिवसांत अडकलेले असतात. महाप्रसाद विसर्जनाच्या आदल्या दिवशी ठेवणाऱ्यांनी तो 20 सप्टेंबरच्या रविवारी घ्यावा, किंवा भांडीवाल्याला ऑगस्टमध्येच आगाऊ रक्कम देऊन तारीख लिहून घ्यावी.